पान पिवळं पडलं, पण कोणतं?

घरच्या बागेबद्दल सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "पानं पिवळी पडताहेत, काय फवारू?" याचं उत्तर देण्याआधी चार गोष्टी माहीत असाव्या लागतात. पिवळी पडलेली पानं शेंड्याकडची आहेत की बुंध्याकडची? पान सगळंच पिवळं आहे की शिरा हिरव्या राहिल्या आहेत? कुंडीतली माती आत ओली आहे की कोरडी? आणि पान उलटं करून पाहिलं का? या चार उत्तरांतून बहुतेक वेळा दुखणं सापडतं. पुष्कळदा असंही कळतं की फवारण्यासारखं काही नव्हतंच. पाणी कमी करायचं होतं किंवा कुंडी चार फूट उन्हाकडे सरकवायची होती.

दुकानात बाटल्या खूप आहेत, पण कुठली बाटली कशासाठी, हे झाड पाहिल्याशिवाय ठरत नाही. म्हणून या लेखात औषधांची यादी शेवटी आणि पाहण्याची रीत आधी. महाराष्ट्रातल्या गच्चीत, बाल्कनीत आणि अंगणात जी झाडं हमखास असतात, म्हणजे जास्वंद, मोगरा, गुलाब, कढीपत्ता, लिंबू, मिरची, तुळस, त्यांच्याच उदाहरणांनी जाऊ.

सुरुवात मातीपासून

कुंडीतली झाडं किडीपेक्षा पाण्याने जास्त मरतात, आणि त्यातही पाणी कमी पडून मरणाऱ्यांपेक्षा जास्त झाल्याने मरणारी पुष्कळ. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते, तिच्यातला प्राणवायू मुळं वापरतात. सतत पाणी घातलं की या पोकळ्या पाण्याने भरून जातात. पाण्यातून प्राणवायू हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. त्यामुळे मुळं गुदमरतात, मग कुजतात, आणि कुजलेली मुळं पाणी वर चढवू शकत नाहीत. माती ओलीचिंब आणि पानं मात्र तहानेल्यासारखी लोंबलेली, असं उलटं चित्र दिसतं. पानं लोंबलेली पाहून आपण आणखी पाणी घालतो आणि उरलेली मुळंही जातात.

म्हणून पानं मलूल दिसली की आधी बोट मातीत दोन पेरं खोल घालायचं. वरचा थर पाहून फसायला होतं. कोकोपीट जास्त असलेली कुंडी वरून कोरडी आणि आतून ओली असते. कुंडी लहान असेल तर उचलून पाहावी. पाणी दिल्यावर तिचं वजन किती लागतं आणि सुकल्यावर किती, हे आठवडाभरात हाताला कळायला लागतं.

माती ओली आणि झाड मलूल, तर झाड मातीच्या गोळ्यासकट हलकेच बाहेर काढून मुळं पाहायची. निरोगी कोवळी मुळं पांढरी, टणक असतात. कुजलेलं मूळ तपकिरी असतं. चिमटीत धरून ओढलं तर वरची साल सुटून हातात येते आणि आत दोऱ्यासारखा धागा उरतो. मातीला आंबूस, सडका वास येतो. अशी मुळं स्वच्छ कात्रीने कापून टाकावीत, तेवढ्याच प्रमाणात वरच्या फांद्याही छाटाव्यात आणि नव्या, भुसभुशीत मातीत झाड लावून सावलीत ठेवावं. नवीन मातीत थोडी ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळली तर मूळकुजीच्या बुरशींना आळा बसतो. नवा फुटवा दिसेपर्यंत खत अजिबात नको. कुंडीचं भोक मुळांनी किंवा खापरीच्या तुकड्याने बंद झालेलं नाही ना, हेही त्याच वेळी पाहावं, आणि खालच्या बशीत साचलेलं पाणी ओतून द्यावं.

माती खरोखर कोरडी निघाली तर एक वेगळीच अडचण असू शकते. फार सुकलेलं कोकोपीट पाणी धरत नाही. माती आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते आणि घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली निघून जातं. पाणी खाली आलेलं पाहून आपल्याला वाटतं, झाड प्यायलं. अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या बादलीत ठेवावी. बुडबुडे यायचे थांबले की माती आतपर्यंत भिजली.

एप्रिल-मे महिन्यात भर दुपारी मोठी पानं लोंबतात, त्याची काळजी करू नये. त्या वेळी पानांतून उडणारं पाणी मुळांनी आणलेल्या पाण्यापेक्षा जास्त असतं. ऊन उतरलं की पानं आपोआप सावरतात. खरी पारख सकाळी. सकाळी सातलाही पान खाली मान घालून असेल, तर मातीत बोट घालायची वेळ आली.

जुनं पान की नवं पान

मातीचं ठीक असेल तर पिवळेपणा कुठून सुरू झाला ते पाहायचं. झाडाला लागणारी काही अन्नद्रव्यं झाडाच्या आत एका पानातून दुसऱ्या पानात जाऊ शकतात, काही जाऊ शकत नाहीत. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही फिरती. ती कमी पडली की झाड जुन्या पानांतून काढून कोवळ्या शेंड्याला देतं, म्हणून लक्षण खालच्या पानांवर दिसतं. लोह आणि कॅल्शियम एकदा जिथे बसले तिथून फारसे हलत नाहीत. ते कमी पडले की त्रास नव्या पानांना होतो.

आता हे झाडावर लावून पाहू. जास्वंदीची खालची पानं एकसारखी फिकट होत पिवळी पडताहेत, वाढ मंदावली आहे, तर नत्राची कमतरता. गांडूळखत किंवा कुजलेलं शेणखत घालावं. पेंडीचं पाणी द्यायचं तर ते पातळ करून. खालच्याच पानांवर, पण शिरांच्या मधला भाग पिवळा आणि शिरांलगत हिरवं उरलेलं असेल, तर मॅग्नेशियमकडे संशय. खालच्या पानांच्या कडा करपल्यासारख्या वाळत असतील, तर पालाश. आणि महिन्याकाठी एखाददुसरं सर्वांत खालचं पान पिवळं होऊन गळत असेल, तर ते म्हातारं पान आहे; तिथे काहीच करायचं नाही.

शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी आणि त्यांवर शिरांची हिरवी जाळी स्पष्ट उठून दिसतेय, हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण. आपल्याकडे लिंबू, मोगरा, जास्वंद यांवर ते पुष्कळ दिसतं. गंमत अशी की मातीत लोह बहुधा असतं. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत, किंवा बोअरवेलचं जड पाणी वर्षानुवर्षं घातलेल्या कुंडीत, मातीचा सामू साडेसातच्या वर जातो आणि लोह अशा रूपात अडकून बसतं की मुळांना ते घेता येत नाही. त्यामुळे मातीत खिळे पुरून काही होत नाही.

निदान पक्कं करण्याची एक साधी चाचणी आहे. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅमपेक्षा जास्त नाही इतकं हिराकस, म्हणजे लोहाचं सल्फेट, विरघळवावं, त्यात लिंबाचे थोडे थेंब पिळावेत आणि संध्याकाळी एका पिवळ्या पानावर हे पाणी शिंपडावं. आठ-दहा दिवसांनी ते पान जवळून पाहावं. जिथे जिथे थेंब टिकला होता तिथे हिरवे ठिपके उमटलेले दिसतील, आणि ठिपक्यांच्या मधली जागा पिवळीच राहील, कारण लोह पानातल्या पानातही फारसं सरकत नाही. असे ठिपके आले की दुखणं लोहाचंच, असं समजावं आणि मग सगळ्या झाडावर बारीक फवारा मारावा. हिराकसाचे डाग फरशीवर गंजासारखे बसतात, म्हणून आधी कुंडी बाजूला घ्यावी. कायमचा उपाय मात्र सेंद्रिय खत वाढवणं, जमेल तितकं पावसाचं पाणी वापरणं आणि चिलेटेड लोह देणं हा. ते घेताना जास्त सामूच्या मातीत टिकणारा, ईडीडीएचए प्रकारचा चिलेट मागावा.

इथेही क्रम महत्त्वाचा. ओल्या मातीत गुदमरलेल्या मुळांनाही लोह घेता येत नाही आणि हुबेहूब हेच लक्षण दिसतं. म्हणून तर बोट आधी आणि हिराकस नंतर.

पानांची फक्त टोकं तपकिरी होऊन वाळत असतील आणि कुंडीच्या कडेवर किंवा मातीवर पांढरट थर जमला असेल, तर क्षार साचले आहेत. वरचा थर खरवडून काढावा आणि कुंडीच्या आकाराच्या दोन-तीन पट चांगलं पाणी सावकाश ओतून खालून वाहू द्यावं. क्षार त्याबरोबर निघून जातात.

पान उलटं करा

कीड पानाच्या वरच्या बाजूला क्वचित बसते. तिचं घर पानाखाली, शेंड्यात आणि पानाच्या बेचक्यात. जास्वंदीचे शेंडे आखडून त्यांचा गुच्छ झाला असेल, खालची पानं चिकट लागत असतील आणि फांदीवर मुंग्यांची रांग असेल, तर शेंडा उलगडून पाहावा. आत कापसासारखी पांढरी पुंजकी दिसतात. हा पिठ्या ढेकूण. तो रस शोषतो आणि जास्तीची साखर चिकट थेंबांच्या रूपात बाहेर टाकतो. त्या साखरेसाठी मुंग्या येतात, पिठ्या ढेकणाच्या शत्रूंना पळवून लावतात आणि त्याची पिल्लं नव्या फांदीवर नेऊन सोडतात. त्याच साखरेवर काळी बुरशी वाढते आणि पानं काजळी धरल्यासारखी होतात. काजळी, चिकटपणा, मुंग्या ही तीन वेगळी दुखणी वाटतात, पण मूळ एकच.

उपायही मुळाशीच. आखडलेले शेंडे कापून साबणाच्या पाण्यात बुडवावेत. उरलेल्या फांद्यांवर पाण्याचा जोरदार फवारा मारावा. मग लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर सौम्य द्रवसाबण मिसळून पुंजक्यांवर नेमका फवारावा. साबण लागला तरच काम करतो, म्हणून बेचक्यात पोहोचणं गरजेचं. कापसाच्या पिशवीतली अंडी यातून वाचतात. त्यामुळे दर आठवड्याला, तीन-चार वेळा हे करावं लागतं. शेजारच्या झाडाला टेकलेल्या फांद्या छाटून मुंग्यांची वाट बंद करावी.

पण फवारण्याआधी ती पुंजकी नीट निरखायला हवीत. पिठ्या ढेकूण जेमतेम हलतो. त्याच्यातच एखादी मोठी, लांब पांढऱ्या धाग्यांची झालर असलेली आणि चुळबुळत चालणारी अळी दिसली, तर ती कीड नाही. ती क्रिप्टोलीमस नावाच्या ढालकिड्याची अळी असते आणि पिठ्या ढेकणावरच जगते. हा ढालकिडा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, 1898 साली कॉफीवरच्या खवले किडीसाठी भारतात आणला गेला आणि पुढे पिठ्या ढेकणांवर इथेच स्थिरावला. पपईवरचा पिठ्या ढेकूण भारतात 2008 मध्ये कोइमतूरजवळ पहिल्यांदा आढळला आणि मग पपईबरोबर तुती, जास्वंद यांवरही पसरला. औषधांनी तो आवरेना. 2010 मध्ये पोर्तो रिको इथून त्याचे नैसर्गिक शत्रू असलेले बारीक परोपजीवी कीटक आणून सोडले, तेव्हा तो आटोक्यात आला. बागेतल्या मित्रकीटकांची ताकद एवढी असते. सरसकट विषारी फवारणीत आधी तेच मरतात, आणि कीड काही आठवड्यांत पहिल्यापेक्षा जोमाने परतते.

पानावर सुईने टोचल्यासारखे असंख्य फिकट ठिपके असतील, खाली बारीक जाळी असेल आणि हवा कोरडी, तापलेली असेल, तर लाल कोळी. पानाखाली पांढरा कागद धरून पान झटकावं. कागदावरचे ठिपके चालू लागले की खात्री झाली. कोळी आठ पायांचा असतो, कीटक नाही. म्हणून बहुतेक कीटकनाशकं त्याच्यावर चालत नाहीत. पानांच्या खालच्या बाजूवर एकदिवसाआड पाण्याचा फवारा मारला तरी तो पुष्कळ कमी होतो.

मिरचीचा चुरडा-मुरडा ओळखायला पान कुठे वळलं ते पाहावं. कडा वर वळून पान होडीसारखं झालं तर फुलकिडे. कडा खाली वळल्या, देठ लांबले, तर कोळी. दोन्हींवर उपाय आहे. पण पानं लहान, जाड, एकमेकांत गच्च आणि झाड खुरटलेलं, तर तो पांढऱ्या माशीने पसरवलेला विषाणू. विषाणूवर औषध नाही. असं रोप उपटून टाकणं हीच बाकीच्या रोपांची काळजी.

पानं कुरतडलेली असतील तर कुरतडण्याचा आकार पाहावा. कढीपत्त्यावर किंवा लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी आणि मोठी झाल्यावर हिरवीगार होणारी अळी लिंबावरच्या फुलपाखराची. तिला डिवचलं तर डोक्यामागून लालसर दोन शिंगं बाहेर येतात आणि उग्र वास सुटतो. दोन-चार अळ्या हाताने उचलून दुसऱ्या मोठ्या झाडावर सोडल्या की पुरतं. गुलाबाच्या पानाच्या कडेला कात्रीने कापल्यासारखे गोल, सुबक तुकडे गेले असतील, तर ते पानकापी मधमाशीचं काम. ती पान खात नाही, घरट्यासाठी नेते. तिला तसंच राहू द्यावं.

ठिपके आणि भुरी

बुरशीला ऋतू असतो, म्हणून पंचांगही निदानाला मदत करतं. पावसाळ्यात पानं तासन् तास ओली राहतात आणि गुलाबावर काळे ठिपके येतात. ठिपक्याची कड विस्कटलेली, भोवती पिवळी झाक, आणि पान लवकर गळतं. भुरीला मात्र साचलेलं पाणी नको असतं. कोरडे दिवस आणि थंड रात्री असलेल्या हिवाळ्यात ती पिठासारखी पानांवर पसरते. धूळ, जड पाण्याचे डाग आणि भुरी यांत शंका आली तर शेजारच्या नव्या, कोवळ्या पानांकडे पाहावं. भुरी त्यांच्यावर आधी चढते आणि पान वेडंवाकडं करते.

दोन्हींमध्ये रोगट पानं, खाली गळलेलीसुद्धा, गोळा करून टाकावीत, कारण पुढच्या लागणीचं बी त्यांच्यातच असतं. पाणी सकाळी आणि बुंध्याशी घालावं. कुंड्यांमध्ये हवा खेळेल इतकं अंतर ठेवावं. एवढ्याने भागलं नाही तर ठिपक्यांसाठी मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण, भुरीसाठी लिटरला दोन ग्रॅम पाण्यात मिसळणारं गंधक. तापलेल्या उन्हात गंधक फवारलं तर पानं भाजतात, म्हणून उन्हाळ्यात ते टाळावं.

हिरवळीवरचे पिवळे चट्टे

अंगणातल्या लॉनवर चट्टा पडला की मूठभर गवत धरून वर ओढावं. गवत सतरंजीसारखं सहज उचललं गेलं, तर खाली मुळं उरलेली नाहीत. तिथे वीतभर खणलं की इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या सापडतात. ही हुमणी. तिचे भुंगेरे पहिल्या वळवाच्या किंवा मृगाच्या पावसानंतर संध्याकाळी जमिनीतून निघतात आणि कडुनिंब, बाभळीवर जमतात. त्या आठवड्यात फांद्या हलवून भुंगेरे गोळा करून रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकले, तर पुढच्या कित्येक अळ्या जन्मालाच येत नाहीत. जमिनीत मेटारायझियम ही अळ्यांना रोग लावणारी बुरशी ओल असताना मिसळावी.

गवत घट्ट असेल तर कारण दुसरं. मधे जळालेलं आणि भोवती गर्द हिरवं वलय असेल, तर कुत्र्याची लघवी. भरपूर पाणी ओतून जागा धुवावी. झाडाखाली विरळ झालं असेल तर ऊन कमी. हरळीला सावली सोसत नाही, तिथे सावलीत येणारी दुसरी झाडं लावणं शहाणपणाचं. सगळं लॉन पांढुरकं दिसत असेल तर पात्याची टोकं पाहावीत. बोथट यंत्राने ती कापली न जाता फाटतात. एका कापणीत गवताच्या उंचीच्या एक-तृतीयांशाहून जास्त कापू नये, नाहीतर मुळं उथळ होतात आणि लव्हाळ्याला जागा मिळते. लव्हाळा नुसता उपटून जात नाही. खालच्या गाठींसकट खणावा लागतो.

औषध कधी, किती

क्रम असा ठेवावा: आजारी कुंडी वेगळी करणं, छाटणं, धुणं, साबण, मग निंबोळी अर्क. अर्कासाठी 50 ग्रॅम निंबोळीची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून गाळावी, थोडा साबण घालावा आणि संध्याकाळी फवारावं, कारण त्यातलं अझाडिरॅक्टिन उन्हात लवकर नष्ट होतं. कुठलीही फवारणी आधी एका फांदीवर करून दोन दिवस वाट पाहावी. फुलावर मधमाश्या असताना फवारू नये. तुळस, कढीपत्ता, मिरची आपण रोज तोंडात घालतो. त्यांच्यावर रासायनिक औषध नकोच.

एका वेळी एकच बदल करावा. पाणी, खत आणि औषध एकाच दिवशी बदललं तर झाड कशाने सुधारलं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा अंदाजच करावा लागतो. फोनवर तारखेसह फोटो काढून ठेवले तरी पुष्कळ काम होतं. पिवळं झालेलं किंवा आखडलेलं पान बहुधा पुन्हा पहिल्यासारखं होत नाही, त्यामुळे त्याच्याकडे पाहून निराश होऊ नये. उपाय लागू पडला की नाही, ते पुढे येणाऱ्या दोन-तीन पानांवर ठरवावं.

एवढं करूनही उलगडलं नाही, तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयात जावं. नुसतं एक वाळलेलं पान नेऊ नये. निरोगी आणि आजारी भाग दोन्ही दिसतील अशी फांदी, पिशवीत थोडी माती, पाणी किती आणि कधी घालता याची नोंद, आणि फोटो न्यावेत. जाणकारही लेखाच्या आरंभीच्या चार प्रश्नांनीच सुरुवात करतात. ते प्रश्न रोज सकाळी आपणच विचारायची सवय लागली, तर बहुतेक दुखणी पहिल्या पानावरच सापडतात, आणि तेव्हा उपायाला बोट, कात्री आणि पाणी पुरतं.